सदतीस पट्ट्यांची खंडेनवमी

आमच्या गिरणीत दोन मोटारी होत्या. एक भात सडायची आणि दुसरी सूर हलवायची. पहिली सुरू झाली की निम्म्या कडावला कळायचं. दुसरी मुठीएवढी होती, ती सुरू झालेली फक्त मला आणि दामूकाकाला कळायची. दामूकाका म्हणजे अण्णांचा, माझ्या वडिलांचा, धाकटा भाऊ. तो व्हायब्राफोन वाजवायचा. हे नाव गावात कोणालाच धड उच्चारता आलं नाही, म्हणून सगळे त्या वाद्याला ‘दामूची मशीन’ म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यांचं फार काही चुकत नव्हतं. लांबट टेबलासारखा लोखंडी सांगाडा, त्यावर सोनेरी धातूच्या सदतीस पट्ट्या, पुढच्या ओळीत बावीस आणि मागच्या ओळीत पंधरा, सगळ्या दोरीत ओवलेल्या. डावीकडे हातभर लांब पट्ट्या, उजवीकडे जाता जाता त्या वीतभर व्हायच्या. प्रत्येकीच्या खाली एक नळी आणि नळीच्या तोंडाशी एक चकती. ती चकती गरगर फिरवायचं काम त्या छोट्या मोटारीचं. त्यामुळे सूर निघाला की सरळ न जाता हलत हलत जायचा. लोकर गुंडाळलेल्या काठ्यांनी तो वाजवायचा, प्रत्येक हातात दोन. जवळच्या कोंडाणे गावाहून भात घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्याने हे सगळं निरखून अण्णांना विचारलं होतं, ह्येच्यात काय दळतात. अण्णा म्हणाले, अजून तरी काय दळलं नाय.

कडावच्या भातशेतीवाल्या घरातला पोरगा जॅझ वाजवायला कसा लागला, हा प्रश्न मला आयुष्यभर लोकांनी विचारला आहे. उत्तर साधं आहे. दामूकाका फौजेत भरती झाला, तिथल्या बँडमास्तरने त्याची बोटं बघितली आणि बंदूक काढून घेऊन हातात काठ्या दिल्या. भजनात टाळ धरलेला मुलगा, ताल पक्का होता. नोटेशन वाचायला तो तिथेच शिकला. फौजेतून सुटल्यावर मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलातल्या बँडमध्ये लागला आणि तिथे रोज संध्याकाळी साहेबलोक जेवत असताना जॅझ वाजवायचा. मी त्याला एकदा विचारलं की जॅझ म्हणजे काय रे. तो म्हणाला, “गाव ठरल्यालं, वाट ज्याची त्यानं काढायची.” पुढे मी ह्या विषयावर जाड जाड पुस्तकं वाचली, पण मला ह्यापेक्षा जास्त काही कळलं असं वाटत नाही.

हॉटेलने बँड बंद केला तेव्हा काका ती मशीन टेंपोत घालून घरी घेऊन आला. घरात ठेवायला जागा नव्हती आणि वीज फक्त गिरणीत होती, म्हणून ती गिरणीच्या पुढच्या खोलीत, गोणी रचायच्या जागेत आली. गिरणीत कोंडा उडायचा, तो सगळीकडे बसायचा, माझ्या वेणीत, आईच्या चहात आणि मशीनच्या नळ्यांतही. काका रोज सकाळी गिरणी सुरू व्हायच्या आत एक ओला पंचा घेऊन पट्ट्या पुसायचा आणि मग सगळ्यात खालच्या सुरापासून सगळ्यात वरच्या सुरापर्यंत एकेक पट्टी वाजवत जायचा, तसाच परत खाली यायचा. एकही पट्टी सोडायची नाही. दोनदा वर, दोनदा खाली. मी त्याला ‘जिना’ म्हणायची. तेव्हा आमच्या गावात जिना असलेलं घर एकही नव्हतं, मी तो कर्जतच्या शाळेत पाहिला होता. आई चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या थापत असायची, वालाच्या बिरड्याला फोडणी पडायची, आणि पलीकडून जिना चढायचा नि उतरायचा. आईला संगीतातलं काही कळत नव्हतं असं ती स्वतःच सांगायची, पण काकाच्या काठ्यांना लोकर तीच गुंडाळायची. शाळेच्या स्वेटरांची उरलेली लोकर. घट्ट गुंडाळली तर सूर टोचतो आणि सैल गुंडाळली तर झोपतो, हे तिला काकाने सांगावं लागलं नाही, तिने दोन-तीन काठ्यांतच ओळखलं. एका काठीचं डोकं निळं आणि एकीचं मेंदीच्या रंगाचं, असल्या काठ्या घेऊन काका मुंबईला जायचा तेव्हा बाकीचे वादक हसायचे म्हणे, आणि मग हळूच विचारायचे की तुझ्या वहिनीकडून मला चार करून आणतोस का.

मुंबईला तो जायचा ते सिनेमाच्या गाण्यांसाठी. रेडिओवर एखादं गाणं लागलं की काका बोट वर करायचा, मी श्वास धरायची, आणि दोन ओळींच्या मधे कुठेतरी पाण्यात खडा पडल्यासारखा एक सूर यायचा. तो काका. झालं, एवढंच. त्या रेकॉर्डींवर गाणाऱ्याचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, चाल लावणाऱ्याचं नाव. वाजवणाऱ्यांचं नाव नाही. आणि हॉटेलात नाव होतं तर ते खोटं. दारातल्या पाटीवर ‘डॅनी’ लिहिलेलं असायचं, कारण दामोदर नाव साहेबांच्या जेवणाला शोभणार नाही असं मॅनेजरला वाटलं होतं. काका हे सांगताना हसायचा. पण त्याच्या पेटीत परदेशी जहाजांवरच्या खलाशांकडून मिळवलेल्या दहा-बारा रेकॉर्डी होत्या, सगळ्या ह्याच वाद्याच्या, आणि त्यांची पाकिटं हातात घेतली की तो आधी नावावरून बोट फिरवायचा. मी लहान होते तरी मला ते दिसायचं. त्याला एक रेकॉर्ड हवी होती. फार नाही, एकच, आणि तीवर दामोदर असं छापलेलं.

मी आठवीत असताना ती मिळायची वेळ आली. फेलिक्स म्हणून काकाचा हॉटेलातला पियानोवाला मित्र होता, त्याने एका छोट्या कंपनीच्या मालकाला गळ घातली. मालक नाखूष होता. असल्या संगीताला गिऱ्हाईक कुठलं, असं तो तोंडावर म्हणाला. शेवटी कबूल झाला तो एका अटीवर: स्टुडिओ एकच दिवस मिळेल, सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत, त्या दिवसात चार चिजा झाल्या तर रेकॉर्ड निघेल, नाही झाल्या तर विषय संपला. दिवस त्याने दसऱ्याचा दिला, मुहूर्त म्हणून. काका तालमीसाठी पाच दिवस आधीच फेलिक्सकडे गेला. तिथे पियानोवर बसून सगळं ठरवायचं होतं, मशीन लागणार नव्हती. दसऱ्याला पहाटे आमच्या ओळखीचा टेंपोवाला ती कडावहून थेट स्टुडिओत पोचवणार होता. निघताना काका अण्णांना म्हणाला, “दादा, कोंडा लय बसतो तिच्यावर. जरा पुसायला सांगा कोणाला तरी.” ह्या एका वाक्याने पुढचं सगळं झालं, त्यामुळे दोष द्यायचा तर तो पहिला काकालाच द्यायला हवा.

नवरात्रात आमची गिरणी बंद असायची. दसऱ्यानंतर नवं भात यायला लागतं, मग दिवाळी उलटून जाईपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून त्याआधी सगळी यंत्रं उघडायची, रॉकेलने धुवायची, तेलपाणी करून परत जोडायची आणि खंडेनवमीला पूजा बांधायची, हा आजोबांपासूनचा रिवाज. हे काम गणपत मिस्त्रीचं. तो गिरणीचा मिस्त्री, वावोशीकडचा, काळा, उंच, कमी बोलणारा, आणि यंत्रावर जीव टाकणारा. एखादा नट ढिला झाला तर त्याला रात्री झोप लागायची नाही. अण्णा त्याला म्हणाले की ह्या वर्षी दामूची मशीनपण बघ रं जरा, मुंबईला जायची हाय, चांगली दिसली पायजे. मिस्त्रीने मान डोलावली.

खंडेनवमीच्या सकाळी मी शाळेच्या पाटीपूजेला गेले होते. दुपारी परत आले तर गिरणी ओळखू येईना. सगळं लखलखत होतं, पट्टे, चाकं, तराजू, अगदी गोणी शिवायचे दाभणसुद्धा. झेंडूच्या माळा सगळ्यांना सारख्या वाटलेल्या. आणि मधोमध दामूची मशीन, इतकी चमकत होती की तिच्याकडे बघून मला आधी आनंदच झाला. मिस्त्रीने तिची दोरी काढून सदतीसच्या सदतीस पट्ट्या घमेल्यात घेतल्या होत्या, चिंच आणि राख लावून काथ्याने घासल्या होत्या, नळ्यांतून काठीने फडकं फिरवलं होतं, मोटारीला तेल दिलं होतं, आणि मग सगळं परत जोडलं होतं. सोनेरी रंग बराचसा गेला होता, खालून पांढरी चकाकी आली होती. काकाने पट्ट्यांच्या पोटाशी पेन्सिलीने लिहिलेली सुरांची इंग्रजी अक्षरंही घासून साफ झाली होती. मिस्त्रीला ती मळ वाटली. तो स्वतः न जेवता सकाळपासून ते करत होता, आणि मी आल्यावर एवढंच म्हणाला, “बग गं शकूबाय, आता कशी दिसते.”

पूजा झाली, आरतीची वेळ आली. दरवर्षी आमच्याकडे आरतीला झांजा असायच्या, पण ह्या वर्षी अण्णांना हुक्की आली. म्हणाले, घरात एवढं मोठं वाद्य असताना झांजा कशाला. त्यांनी आईने गुंडाळलेली एक काठी उचलली आणि डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी ठणकावत गेले. मी हात जोडून उभी होते. तिसऱ्या पट्टीला माझे डोळे उघडले. अंधारात जिना उतरताना एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. पुढे तर पायऱ्यांचा पत्ताच नव्हता, वर जाता जाता मधेच खाली, परत उडी मारून वर. आरती कशी संपली मला आठवत नाही. ती संपल्या संपल्या मी म्हणाले की ही चुकली आहे, पट्ट्या जागेवर नाहीत.

मिस्त्री म्हणाला, असं कसं, मी उंचीप्रमाणे लावल्यात, मोठीपासून धाकटीपर्यंत. ते खरंच होतं. म्हणजे त्याने डोळ्याने बघून लावल्या होत्या, आणि शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत तांदळाच्या दाण्याएवढा फरक. त्यातही पुढच्या ओळीतली कुठली आणि मागच्या ओळीतली कुठली हे त्याने ठेवलं नव्हतं, एक पुढे एक मागे असं करत गेला आणि जिथे बसेना तिथे बसेल ती बसवली. दिसायला ओळ सुंदर होती. अण्णांनी परत एकदा काठी फिरवली आणि म्हणाले की मला तर काय फरक वाटत नाय. आणि वाटला असता तरी उपयोग नव्हता. खंडेनवमीला पूजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हात लावायचा नाही, हा नियम, आरतीची काठी तेवढी पूजेतच धरायची. आमच्या घरी त्या दिवशी विळीसुद्धा पूजेत असायची, म्हणून भाजी सकाळीच चिरून ठेवायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा उतरायच्या आधीच टेंपो येणार होता. त्याला अण्णांनी तोडगा काढलाच होता, पूजा घातलेली मशीन माळेसकट टेंपोत जाईल, देव तिच्याबरोबर मुंबईपर्यंत जाईल, उलट चांगलंच. पण खोलायची? नाव नको.

मी रडायला लागले. मला अजून लाज वाटते, पण मुद्दा सांगायच्याऐवजी मी हुंदके देत राहिले. माझ्या डोळ्यासमोर काका दिसत होता. एकच दिवस, आणि त्यातले किती तास तो पट्ट्या ओळखण्यात घालवणार, आणि तो नाखूष मालक बाजूला घड्याळ बघत उभा. काकाला कळवायचं तर पोस्टाला सुट्टी. भजनी मंडळाच्या पेटीवर सूर पडताळून बघावेत तर तीही देवळात हळदकुंकू लावून बसलेली. शेवटी मी कसंबसं म्हणाले की ह्या मशीनवर त्याचं नाव छापणार आहेत, दामोदर, आणि आपण ते घालवलं. गणपत मिस्त्री भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

आई दारात उभी होती. नैवेद्याचं ताट तिच्या हातात होतं. ती कधी अण्णांच्या गिरणीच्या कामात बोलायची नाही. ती म्हणाली, “आवं, पूजेच्या दिवशी घरात कोणाचं हाड सरकलं तर काय कराल? देव उठंपर्यंत तसाच ठेवाल का वैद्याला बोलवाल?”

अण्णा म्हणाले, ते माणसाचं झालं.

“मंग हे पण दुखणाईतच हाय की. मिस्त्रीभाऊंनी हाडं सरकवल्यात, त्येंनीच बसवू दे. शकी सांगंल कुठलं कुठं.”

अण्णांनी पुढे होऊन स्वतःच्या हाताने माळ काढली, खुंटीला अडकवली आणि कोणाकडे न बघता म्हणाले, “बसव रं गणपत.” ते गिरणीबाहेर जाऊन बसले, कारण मोडलेला नियम डोळ्याने बघायचा नव्हता. पण दर दहा मिनिटांनी खोकत होते, किती झालं असं विचारायची ती त्यांची पद्धत.

आम्ही जमिनीवर गोणपाट अंथरलं, त्यावर पेंढ्याच्या दोन जाड दोऱ्या समांतर टाकल्या आणि पट्ट्या त्यांवर आडव्या मांडल्या. तशा ठेवल्या की त्या मोकळ्या वाजतात, हे मिस्त्रीनेच शोधलं. मी काठीने एकेक वाजवायची, डोळे मिटून काकाचा जिना मनात चढायची, आणि म्हणायची, ही खाली, ही अजून खाली, ही हिच्यावर. मिस्त्री उचलून तिथे ठेवायचा. मला सुरांची नावं माहीत नव्हती. सा रे ग म सुद्धा शाळेच्या प्रार्थनेपुरतं. पण रोज सकाळी भाकरीच्या वासाबरोबर जे कानात गेलं होतं ते हलायला तयार नव्हतं. मधे मधे मी चुकायची, मग सगळा जिना पहिल्यापासून वाजवून बघायचा. एकदा ओळ लागली की पुढची-मागची ठरवणं सोपं होतं, कारण मागच्या ओळीतल्या खुंट्याच तीन-दोन, तीन-दोन अशा गटांनी होत्या, त्या मोजल्या की झालं. मिस्त्री दोरी ओवत होता. मोठ्या यंत्राचे पट्टे एका हाताने चढवणारा माणूस, पण इथे एकेक पट्टी दोन्ही हातांनी धरून बसवत होता. अर्ध्यावर आल्यावर आई पोह्यांचा दडपा घेऊन आली आणि आम्हाला दोघांना बळेच खायला लावला. मिस्त्रीने तेव्हा सकाळपासूनचा पहिला घास घेतला.

पस्तीस पट्ट्या लागल्या. राहिल्या दोन, सगळ्यात वरच्या, सगळ्यात आखूड. त्यांचा आवाज इतका पटकन विझायचा की धरायला काही उरायचं नाही. आणि माझा कान दमला होता. ही वरची म्हणावं तर ती वाटायची, ती म्हणावं तर ही. दोघी शेजारी ठेवून मिस्त्रीने त्यांवरून नख फिरवलं, उंचीत फरक लागेना. बाहेर दिवेलागण झाली होती, अण्णा आता खोकायचे पण थांबले होते. मी एकीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, हीच वरची. मिस्त्रीने तोंडाकडे बघितलं माझ्या आणि ओवून टाकली.

पहाटे टेंपो आला, अण्णांनी खुंटीवरची माळ परत घातली आणि मशीन माळेसकट गेली. मग आम्ही चौघं दिवसभर आपट्याची पानं वाटत, लोकांच्या पाया पडत हिंडलो, पण कोणाचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. तिथे काय झालं ते काकाने नंतर सांगितलं. टेंपोचं चाक लोधिवलीजवळ बसलं, दसऱ्याच्या दिवशी पंक्चरवाला दुकानाची पूजा सोडून येईना, आणि मशीन स्टुडिओत पोचली ती साडेअकराला. मालक जायच्या तयारीत होता. काकाने तिला उभी केली, नेहमीचा जिना वाजवायला वेळच नव्हता, वाजवायला सुरुवातच केली. पट्ट्या पांढऱ्या का झाल्यात हे विचारायलाही तिथे कोणी नव्हतं. पहिली चीज लागली, दुसरी लागली, जेवण न करता तिसरी, आणि पाचला दहा कमी असताना चौथी सुरू झाली. ती संपली तेव्हा मालकाने टाळी वाजवली, म्हणजे आवडलं म्हणून नव्हे, वेळ संपली म्हणून.

रेकॉर्ड यायला संक्रांत उजाडली. काका ती छातीशी धरून कर्जत स्टेशनवरून आला. पाकिटावर मशीनचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत दामोदर. अण्णांनी चष्मा लावून तीनदा वाचलं. मिस्त्रीला निरोप गेला, तो धुतलेलं धोतर नेसून आला. आईने तिळाचे लाडू काढले. फोनो गिरणीतच लावला, भाताच्या गोणींवर सगळे बसले. आणि मग एक मजा झाली. काकाच्या त्या एवढ्या मोठ्या दिवशी अण्णा, मिस्त्री आणि आई, तिघंही संगीत ऐकतच नव्हते. ते चूक ऐकत होते. चुकीचं म्हणजे कसं वाजेल हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते माझ्या तोंडाकडे बघत होते. माझं तोंड खुलत गेलं तसतसे ते सैल झाले. तिसऱ्या चिजेला अण्णा मांडीवर ताल धरून होते, तोही चुकीचा.

चौथी चीज काकाने स्वतः बांधलेली होती, गिरणीत मी ती कितीदा तरी ऐकली होती. ती खालून सुरू होते, पियानोशी बराच वेळ लाडीगोडी लावते, आणि शेवटी वर वर चढत सगळ्यात वरच्या सुरावर जाऊन थांबते. तशी थांबायला हवी होती. ती त्या सुराच्या एक पायरी अलीकडे थांबली. उंबरठ्यापाशी येऊन कोणी आत न येता तिथेच उभं राहावं, तशी. आणि तो सूर हलत हलत विझला. माझ्या हातातला लाडू तसाच राहिला. मी काकाकडे बघितलं, तो माझ्याकडेच बघत होता.

मिस्त्रीने घसा साफ करून विचारलं, “बरोबर हाय ना गं, शकूबाय?”

माझ्या तोंडून काही निघायच्या आत काका म्हणाला, “बरोबर हाय, मिस्त्री. एकदम बरोबर.” मिस्त्रीने सुस्कारा सोडला आणि पहिल्यांदा लाडवाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाने मला गिरणीत बोलावलं, भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि एकेक पट्टी वाजवत विचारत गेला, वर का खाली, हिच्या शेजारची का दोन सोडून. बराच वेळ हे चाललं. मी तोपर्यंत सगळं कबूल करून टाकलं होतं, चिंच, राख, पेंढ्याच्या दोऱ्या, सगळं, आणि शेवटच्या दोन अंदाजाने लावल्या हेही. तो रागवेल म्हणून मी भिंतीकडेच बघत राहिले. तो म्हणाला, “सदतीसातल्या पस्तीस. बँडमास्तरनं माजी परीक्षा घेतली तवा माज्या एकवीस आल्या व्हत्या.” मग माझ्या हातात मेंदीच्या रंगाच्या दोन काठ्या दिल्या. त्या दिवसापासून मी वाजवते आहे.

ह्या गोष्टीला आता इतकी वर्षं झाली की कडावच्या त्या गिरणीच्या जागी फार्महाऊसवाल्यांचं सामानाचं दुकान आहे. ती रेकॉर्ड तेव्हा फारशी कोणी घेतली नाही, मालकाचं म्हणणं खरं ठरलं. पण हल्ली कोणीतरी ती इंटरनेटवर चढवली आहे आणि माझी नात मला मोबाइलवर तिथली मतं वाचून दाखवते. कुठल्याशा देशातल्या एका विद्वान मुलाने चौथ्या चिजेच्या शेवटच्या सुरावर दोन पानं लिहिली आहेत. कलावंताने पूर्णत्व जाणीवपूर्वक नाकारलं आहे, असं काहीतरी. मी पोट धरून हसले. मिस्त्रीने आणि मी दिवेलागणीला केलेला तो कारभार आहे, हे त्या पोराला कळवावं असं नातीला वाटतं. मी म्हटलं, राहू दे, त्याची दोन पानं वाया जातील.

पण त्याचं एक निरीक्षण बरोबर आहे. काकाने ती चीज पुढे ज्या ज्या कार्यक्रमांत वाजवली, त्या सगळ्या ध्वनिमुद्रणांत तो शेवट तसाच आहे, एक पायरी अलीकडे. पट्ट्या तर त्याने रेकॉर्डिंगच्या दुसऱ्याच दिवशी जागेवर लावल्या होत्या. खरा सूर हाताशी होता. मी मोठी झाल्यावर, त्याच्या शेजारी उभी राहून वाजवायला लागल्यावर, एकदा त्याला विचारलं की काका, आता तरी ती चीज नीट का नाही संपवत. तो तेव्हा मोटारीला तेल देत होता. वर न बघता म्हणाला, “रेकॉर्डवर माजं एकट्याचं नाव आलं गं. तुमची कोणाची नावं छापली नायत त्येंनी. वयनीचं नाय, दादाचं नाय, मिस्त्रीचं नाय, तुजं नाय. मंग तुमची सगळ्यांची सही कुठं करायची मी?”